दुबईच्या हॉटेलात टेलिफोन ऑपरेटर व्हायचंय? ही तयारी करा

ऐरोली-महापेच्या कॉल सेंटरमध्ये काम केलेल्या मुलामुलींनी या नोकरीसाठी जरूर अर्ज करावा. तासन्‌तास हेडसेट, नाइट शिफ्ट, चिडलेल्या माणसाशी शांतपणे बोलणं, हे सगळं तुमच्या अंगवळणी पडलेलं असतं. मी दुबईत ऑपरेटर होते. आता घणसोलीत असते आणि ओळखीतल्या मुलांची तयारी करून घेते. जाहिरातीत हे पद ‘गेस्ट सर्व्हिस सेंटर एजंट’ या नावानंही येतं, तेही बघत चला.

कॉल सेंटरची एक सवय मात्र सोडावी लागते. तिथे माहिती द्यायची असते, इथे राखायची. बाहेरून फोन येतो, “माझे मिस्टर तुमच्याकडे उतरलेत, रूम नंबर सांगा.” बाई रडत असली तरी नंबर सांगायचा नाही. पाहुण्याचं पूर्ण नाव विचारा, तिचं नाव विचारा, कॉल होल्डवर ठेवा आणि खोलीत फोन लावा: अमुक यांचा फोन आहे, जोडू का? ते हो म्हणाले तरच जोडायचा. कुणी आपलं नाव गुप्त ठेवायला सांगितलं असेल, तर तो माणूस हॉटेलात आहे हेसुद्धा कबूल करायचं नाही. एखाद्याच्या जिवाचा प्रश्न असू शकतो, म्हणून मी या बाबतीत फार कडक आहे.

फोनवर स्पेलिंग सांगायची अल्फा (ए), ब्राव्हो (बी), चार्ली (सी) ही अक्षरमाला तोंडपाठ करा. आपल्या बोलण्यात व्ही आणि डब्ल्यू सारखेच ऐकू येतात, तिथे ‘व्हिक्टर’ आणि ‘व्हिस्की’ कामाला येतात. आकडेही सुटे बोला, नाहीतर फिफ्टीन-फिफ्टीचा घोळ होतो.

वेक-अप कॉल घेताना खोली, वेळ आणि तारीख परत वाचून दाखवा. रात्री एक वाजता कुणी “उद्या सहाला उठवा” म्हणालं, तर त्याचा उद्या म्हणजे आजच असतो. फोन उचलला नाही तर थोड्या वेळाने पुन्हा करा, तरीही नाही तर दारावर माणूस पाठवा. रमजानमध्ये पहाटेच्या सहरीसाठी बरेच लोक उठवायला सांगतात, तेव्हा यादी आधीच लावून ठेवा.

आणीबाणीत सगळे ऑपरेटरलाच फोन करतात. कुणी छातीत दुखतंय म्हणालं, की आधी “तुम्ही आत्ता कुठे आहात?” विचारा, फोन खोलीतला नसून पूलजवळचाही असू शकतो. मग लगेच हॉटेलचा डॉक्टर, सिक्युरिटी, ड्यूटी मॅनेजर. यूएईत पोलीस 999, रुग्णवाहिका 998, अग्निशमन 997. बॉम्बची धमकी आली तर बोलणाऱ्याला बोलतं ठेवा. त्याचे शब्द, मागचे आवाज आणि वेळ लिहून घ्या.

आता कागदपत्रं. परदेशी नोकरी लावून देणाऱ्या एजंटची नोंदणी भारत सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. भारतात नोंदणीकृत एजंटला 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी, याहून जास्त घेता येत नाही. ऑफर लेटरमध्ये मूळ पगार, राहणं, जेवण आणि परतीचं तिकीट वेगवेगळं लिहून घ्या. “आधी व्हिजिट व्हिसावर या, मग बघू” म्हणणाऱ्याला पासपोर्ट देऊ नका. व्हिजिट व्हिसावर काम करणं तिथे बेकायदेशीर आहे.