कॉलेज निवडताना या चुका टाळा: ॲलॉटमेंटच्या रात्री घरात वाद नको असेल तर

फेरीचा निकाल लागला की फोन सुरू होतात. "सर, सांगलीत मेकॅनिकल लागलंय. बेटरमेंट घेतलं तर पुण्यात कॉम्प्युटर मिळेल का?" किंवा "पोरगं म्हणतंय फ्रीज करूया, आणि ह्यांचं म्हणणं थांबूया." मागून आईचा आवाज येत असतो, पोराचा मात्र नाही. (फ्रीज म्हणजे मिळालेली जागा पक्की करणं, बेटरमेंट म्हणजे ती धरून पुढच्या फेरीत वरच्या पर्यायाची वाट बघणं.) खरं सांगायचं तर या प्रश्नाची वेळ आठवडाभर आधीच होऊन गेलेली असते. कॅपमध्ये, म्हणजे राज्याच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेत, चार कॉलेजं पुढ्यात मांडून त्यातलं एक उचला, असं कधी होत नाही. एका वेळी एकच जागा मिळते, आणि ती कुठली मिळणार हे तुम्ही पसंतीक्रम भरता तेव्हाच ठरलेलं असतं. घरातली चर्चा त्याआधी व्हायला हवी. बहुतेक घरांत ती नंतर होते, आणि पुढच्या सगळ्या चुका तिथूनच निघतात.

इथं मी मुख्यतः इंजिनिअरिंगबद्दल बोलतोय. नीटवरचे मेडिकलचे प्रवेश वेगळ्या नियमांनी चालतात, त्यांची गल्लत इथं करू नका.

पसंतीक्रम झेरॉक्सच्या दुकानात भरणं

दुकानदार हुशार असतो, पण त्याच्या दारात रांग असते. गेल्या वर्षीच्या कुणाची तरी यादी उघडून तो पंधरा मिनिटांत तुमच्या पोराची करून देतो. यादी लांबवायला म्हणून वर चार मोठी नावं टाकतो. "लागलं तर लागलं, नाही तर खाली आहेच की!" घोळ होतो तो या वाक्यामुळे.

बेटरमेंटचा नियम असा आहे: पुढच्या फेरीत यादीतला वरचा पर्याय मिळाला, की आधी मिळालेली जागा आपोआप जाते. ती परत मागता येत नाही. म्हणजे ज्या कॉलेजात पोराला मनापासून जायचंच नाही, ते नाव शोभेला वर ठेवलं तर हातातली चांगली जागा त्याच नावापायी जाऊ शकते. मिळालेल्या जागेच्या वरचं प्रत्येक नाव "हे मिळालं तर आताची जागा आनंदाने सोडीन" या कसोटीला उतरायला हवं. न उतरणारं नाव पुढच्या फेरीआधी काढून टाका.

आपोआप फ्रीज होण्याचा नियमही आता कडक झालाय. २०२५ च्या प्रवेशांत पहिल्या फेरीत पहिला पर्याय, दुसऱ्या फेरीत पहिल्या तीनपैकी आणि तिसऱ्या फेरीत पहिल्या सहापैकी कुठलाही पर्याय मिळाला तर तो घेणं बंधनकारक होतं. नाही घेतला तर पुढच्या कॅप फेऱ्यांतून बाहेर. चालू वर्षाचा नियम सीईटी सेलच्या, म्हणजे कॅप चालवणाऱ्या राज्याच्या कक्षाच्या, माहितीपुस्तिकेत पाहा, व्हॉट्सॲपवर आलेल्या फोटोत नको. आणि लॉगिनचा पासवर्ड पोराकडे ठेवा. दुकानदाराच्या वहीत दोनशे जणांचे पासवर्ड एकाखाली एक लिहिलेले असतात.

कट-ऑफची चुकीची ओळ वाचणं

"पुण्यात त्या कॉलेजला ९४ पर्सेंटाइलला बंद झालं, आमच्याला ९४.५ आहेत, म्हणजे झालंच." ही ओळ कुणाची होती? यादीत प्रत्येक आकड्यावर एक सांकेतिक नाव असतं. सुरुवातीला जी म्हणजे सर्वसाधारण, एल म्हणजे मुलींच्या जागा. मध्ये प्रवर्ग. शेवटी एच असेल तर त्या भागाच्या विद्यापीठातली मुलं, ओ असेल तर बाहेरची, एस म्हणजे राज्यस्तरीय जागा. कोल्हापूर, सांगली, साताऱ्यातून बारावी झालेल्यांचं गृह विद्यापीठ शिवाजी विद्यापीठ. त्यांनी पुण्यातल्या कॉलेजची एचची ओळ पाहून काही उपयोग नाही. त्यांची ओळ ओची, किंवा एस असेल तर ती. उलट वारणानगर, इचलकरंजी किंवा गोकुळ शिरगावच्या कॉलेजांत एचची ओळ आपल्या कामाची.

यातला आणखी एक बारकावा: गृह विद्यापीठ बारावी कुठून केली त्यावर ठरतं, रेशनकार्डावर नाही. तयारीसाठी लातूरला ठेवलेलं कोल्हापूरचं पोरगं या हिशेबात नांदेडच्या विद्यापीठात जातं. घरच्यांना हे कळतं तेव्हा यादी लागलेली असते.

पाहुण्याच्या पोराच्या पॅकेजवर कॉलेज ठरवणं

लग्नात भेटलेले दाजी सांगतात, "आमच्या भाच्याला बारा लाखाचं लागलं बघा." लागलं असेल. पण कॉलेजच्या फ्लेक्सवर एकाच मुलाचा फोटो का असतो, हे कुणी विचारत नाही. सर्वात मोठं पॅकेज म्हणजे वर्गातल्या एकाची गोष्ट. तुम्हाला हवा तो मधला आकडा, म्हणजे निम्म्या मुलांना ज्याच्याहून जास्त मिळालं आणि निम्म्यांना कमी. एनआयआरएफ या केंद्र सरकारच्या क्रमवारीत भाग घेणाऱ्या कॉलेजांना ही माहिती द्यावी लागते आणि स्वतःच्या संकेतस्थळावर ठेवावीही लागते: किती मुलं पास झाली, किती नोकरीला लागली, किती पुढं शिकायला गेली, मधला पगार किती. कुठल्या तरी कोपऱ्यात ती पीडीएफ असते. सापडली नाही तर कार्यालयात मागा. चहा पाजतील आणि माहितीपत्रक हातात देतील. तेवढ्यावर परत येऊ नका, शाखानिहाय आकडे विचारा.

नॅक आणि एनबीए या शिक्षणाचा दर्जा तपासणाऱ्या दोन वेगळ्या संस्था. नॅकचा दर्जा अख्ख्या संस्थेचा असतो, एनबीएची मान्यता मात्र एकेका शाखेला मिळते. कॉलेजला ए प्लस आहे म्हणून तुमच्या पोराच्या शाखेलाही एनबीए आहे असं धरू नका.

"कॉम्प्युटर मिळालं ना, मग कुठलंही चालेल"

या मताशी माझं उघड भांडण आहे. २०२४-२५ पासून एआयसीटीईने, म्हणजे तंत्रशिक्षणाच्या देशपातळीवरच्या परिषदेने, शाखेच्या जागांवरची वरची मर्यादा काढली. त्यानंतर कॉम्प्युटर आणि त्याच्या भावंडांच्या, म्हणजे एआय, डेटा सायन्स वगैरेंच्या, तुकड्या वाढवायची वाट मोकळी झाली. जागा कागदावर वाढतात, पण शिकवणारी माणसं तेवढ्या वेगाने कुठून येणार? म्हणून अशा कॉलेजात गेल्यावर तीन प्रश्न विचारा. या शाखेला तुकड्या किती? पूर्णवेळ शिक्षक किती, आणि त्यातले या वर्षी रुजू झालेले किती? प्रॅक्टिकलला एका संगणकावर किती मुलं बसतात? पहिल्या दोनांची उत्तरं विभागप्रमुखांकडून घ्या. तिसरं गेटबाहेरच्या वडापावच्या गाड्यावर दुसऱ्या वर्षाच्या मुलांकडून मिळतं. ते जास्त खरं असतं. कॉलेज बघायला जाताना साधा कामाचा दिवस निवडा, पालकमेळाव्याचा नको.

दुसरीकडं, ज्या कोल्हापूरची शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलच्या एमआयडीसीवर चूल पेटते, जिथली फाउंड्री आणि मशीन शॉप लांबलांबच्या कारखान्यांना कास्टिंग पुरवतात, तिथंच "मेकॅनिकल? आता कोण घेतंय?" असं बाप पोराला ऐकवतो. आणि तो बाप स्वतः बऱ्याचदा शिरोलीतच कामाला असतो. मेकॅनिकल घ्याच असं मी म्हणत नाही. पण पोराचे हात यंत्राकडे जात असतील, घरातला पंप तो स्वतः खोलून बसवत असेल, तर सांगलीच्या वालचंदमधलं मेकॅनिकल (ते कॉलेज १९४७ पासून उभं आहे) आणि काल-परवा उघडलेल्या तुकडीतलं डेटा सायन्स यांत आंधळेपणानं दुसरं उचलू नका. आधी पोराला विचारा, आणि विचारताना मामांना खोलीबाहेर बसवा.

पहिल्या वर्षानंतर शाखा बदलता येते, असं कुणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या. ती जागा रिकामी असली तर आणि गुणांच्या क्रमाने मिळते. त्या भरवशावर प्रवेश घ्यायचा नसतो.

फीचा अर्धाच हिशेब

फी म्हणजे शिक्षण शुल्क नव्हे. विकास शुल्क, वसतिगृह, मेस, येणं-जाणं, लॅपटॉप हे चार वर्षांचं धरून एका कागदावर मांडा. खासगी विनाअनुदानित कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं, तोच आकडा धरा.

सवलतींचं मात्र नीट समजून घ्या, कारण खरे पैसे इथं वाचतात किंवा बुडतात. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर राजर्षी शाहू महाराज शिष्यवृत्तीत निम्मं शिक्षण शुल्क मिळतं. ईडब्ल्यूएस, एसईबीसी (मराठा) आणि ओबीसी मुलींना याच उत्पन्नमर्यादेत २०२४ पासून शिक्षण आणि परीक्षा शुल्काची पूर्ण माफी आहे. दोन्हींची अट एकच: प्रवेश कॅपमधून हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला की सवलत गेली. खासगी आणि अभिमत विद्यापीठांत मुलींची ती माफी लागू होत नाही. एप्रिलमध्ये "सीट बुक करा, नंतर गर्दी होईल" म्हणून कुणी फोन केला, तर आधी हे गणित करा. टीएफडब्ल्यूएसच्या, म्हणजे शिक्षण शुल्क माफ असलेल्या, जागेला यादीत वेगळा कोड असतो. तो भरलाच नाही तर पात्र असूनही ती जागा मिळणार नाही.

पोरगी आहे म्हणून यादी लहान करणं

मुलाला पुणे, मुलीला "इथंच बघूया जवळ". बघा, पण दोघांना एकच मापदंड लावून बघा. ज्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०१ पासून बोर्डिंगांमागून बोर्डिंगं उभी केली आणि गावोगावची मुलं शिकायला आणली, तिथं वसतिगृह हा शब्द निघाला की घर गप्प होतं, हे मला पटत नाही. काळजी खरी असेल तर ती तपासता येते. वसतिगृह आवारात आहे की बाहेर, रेक्टर रात्री तिथं राहतात का, पहिल्या वर्षाला खोली नक्की मिळते का. आईने मुलीबरोबर जाऊन स्वतः बघावं.

चूक होऊन गेली असेल तर

जागा नको आहे, पण फी भरलीय: शेवटच्या तारखेच्या आत स्वतःच्या लॉगिनमधून प्रवेश रद्द करा आणि त्याची सही केलेली प्रत कॉलेजात द्या. १००० रुपये कापून बाकी फी परत मिळते. तारीख उलटली की अनामत सोडून काही मिळत नाही. कॉलेज मूळ कागदपत्रं अडवून ठेवत असेल तर लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. एआयसीटीईच्या नियमांत असं अडवता येत नाही.

बेटरमेंटमध्ये चांगली जागा गेली: ती विसरा. कॅप संपल्यावर रिकाम्या राहिलेल्या जागा कॉलेज पातळीवर भरतात, त्यांच्या जाहिराती रोज बघा. प्रत्येक कॉलेजात वेगळा अर्ज लागतो, एका अर्जावर सगळीकडे नाव जात नाही.

जात वैधता किंवा नॉन-क्रीमिलेअर अडकलंय: अर्जाची पावती जपा आणि त्या वर्षी पावतीवर किती मुदत दिलीय ते पाहा. मुदतीत प्रमाणपत्र आलं नाही तर नाव खुल्या प्रवर्गात जातं, आणि कट-ऑफचं सगळं गणित फिरतं.

शेवटची गोष्ट फक्त आपल्या कोल्हापूरकडची. जागा स्वीकारणं ऑनलाइन होतं, पण कॉलेजात हजर व्हायला मूळ कागद घेऊन जावं लागतं, आणि या फेऱ्या नेमक्या पावसाळ्यात येतात. २०१९ आणि २०२१ ला शिरोलीजवळ महामार्गावर पाणी आलं आणि पुण्याकडची वाट बंद झाली. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. आकडा ३९ कडे सरकायला लागला आणि पुण्याला हजर व्हायचं असेल, तर शेवटच्या तारखेची वाट बघू नका, आदल्या दिवशीच निघा. मूळ कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये, झेरॉक्सचे तीन संच वेगळ्या पिशवीत.