वस्तूला दोष देण्याआधी पाणी तपासा: सोलापूरच्या घरांतील या चुका टाळा

आमच्या वसाहतीत घरगुती अडचणींवर सल्ला देण्याचे काम मला कोणी नेमून दिलेले नाही. ते मी स्वतःहून पत्करले आहे आणि मनापासून करतो. कूलर गार वारा देत नाही, भाकरी कडेला चिरते, नवा टॉवेल अंगावरचे पाणी टिपत नाही, असे प्रश्न घेऊन जुळे सोलापुरातील शेजारी येतात, तेव्हा बहुतेकांनी कूलर, पीठ आणि टॉवेल यांना आधीच दोषी ठरवलेले असते. माझे ठाम मत असे आहे की आपल्या शहरात घरगुती बिघाडाचे कारण आधी पाण्यात शोधावे. ते कुठे जास्त झाले, कुठे थंड राहिले, कुठे अडकून बसले, एवढे पाहिले तरी निम्म्या तक्रारी मिटतात.

सर्वांत वाईट चूक म्हणजे नळ आला की पिंपातील आधीचे पाणी ‘शिळे’ म्हणून मोरीत ओतून देणे. आपल्याकडे नळाला काही दिवसांच्या अंतराने पाणी येते, उजनीपासून लांबचा प्रवास करून येते, आणि ते असे वाया गेलेले मला खरोखर पाहवत नाही. स्वच्छ, झाकलेल्या पिंपातील पाणी चार दिवसांत नासत नाही. ते बिघडते झाकण नसल्यामुळे आणि हात किंवा गडू बुडवल्यामुळे. पिण्याच्या पाण्यासाठी लांब दांड्याचे ओगराळे किंवा तोटीचे भांडे ठेवावे आणि ते पाणी उकळून किंवा गाळणयंत्रातून काढून घ्यावे. मात्र याच्या उलट चूकही तितकीच घातक आहे, ती म्हणजे पिंप कधीच रिकामे न करणे. डेंग्यू पसरवणारी एडिस डासाची मादी पाण्याच्या रेषेच्या थोडे वर, पिंपाच्या आतील कडेला अंडी चिकटवते आणि ती अंडी कोरडी पडली तरी कित्येक महिने टिकून राहतात. म्हणून नुसते पाणी बदलून भागत नाही, कडा घासाव्या लागतात. अंड्यापासून डास तयार होण्यास उष्ण हवेत साधारण आठवडा ते दहा दिवस लागतात. तेव्हा आठवड्यातून एकदा, नळ येण्याच्या दिवशी, उरलेले पाणी बादल्यांत काढून फरशी पुसण्यास आणि कूलरमध्ये वापरावे, पिंप खराट्याने आतून घासावे आणि मगच भरावे. यात थेंबही फुकट जात नाही.

आता कूलर. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर गेला की दारे-खिडक्या गच्च लावून खोलीच्या मध्यभागी कूलर चालवणारी घरे मी दरवर्षी पाहतो आणि अर्ध्या तासात अंग चिकट होऊ लागल्याची तक्रारही तिथूनच येते. कूलर हे वातानुकूलन यंत्र नव्हे. पाण्याची वाफ होताना ती हवेतील उष्णता घेते, त्यातून गारवा मिळतो आणि ही वाफ होण्यासाठी हवा कोरडी लागते. बंद खोलीत तीच दमट हवा पुन्हा पुन्हा फिरत राहिली तर वाफ होणे मंदावते आणि गारवाही संपतो. कूलर खिडकीत असा बसवावा की तो बाहेरची कोरडी हवा ओढील, आणि समोरची खिडकी किंवा दार थोडे उघडे ठेवावे, म्हणजे दमट हवेला बाहेर जाण्यास वाट मिळेल. आपल्या कोरड्या उन्हाळ्याला हे यंत्र फार चांगले मानवते. जुलैच्या दमट हवेत मात्र त्याच्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नये.

टाकीत बर्फ टाकणे हा अनेकांचा आवडता उपाय आहे आणि तो बहुतांशी वाया जातो. एक लिटर पाण्याची वाफ होताना जेवढी उष्णता शोषली जाते, ती एक किलो बर्फ वितळताना शोषल्या जाणाऱ्या उष्णतेच्या सुमारे सातपट असते. म्हणून बर्फावर पैसे घालवण्यापेक्षा कूलरच्या जाळीतील गवत बदलावे. बोअरच्या जड पाण्याची वाफ होते तेव्हा त्यातील क्षार मागे राहतात, गवतावर पांढरा थर चढतो आणि हवा आत शिरेनाशी होते. टाकीत वरून भर घालत राहिल्यास हे क्षार वाढतच जातात, त्यामुळे आठवड्याला टाकी पूर्ण रिकामी करणे आवश्यक आहे. डासांच्या दृष्टीनेही तेच योग्य ठरते.

माठाचे शास्त्र हेच आहे, फक्त त्याची छिद्रे डोळ्यांना दिसत नाहीत. माठाला बाहेरून तैलरंग लावणे, तो कपाटाच्या कोपऱ्यात कोंडणे आणि आतून साबणाने धुणे या तीन गोष्टी करू नयेत. जुना माठ पाणी गार करीत नसेल तर क्षारांनी छिद्रे बुजली आहेत असे समजावे, काथ्याने आणि साध्या पाण्याने बाहेरून घासून पाहावे आणि तरीही पाझर सुटला नाही तर नवा घ्यावा.

भाकरीविषयी मी जरा सविस्तर लिहितो, कारण मंगळवेढ्याच्या मालदांडी ज्वारीला भौगोलिक मानांकन मिळालेल्या जिल्ह्यात भाकरी चिरते म्हणून ज्वारीलाच नावे ठेवली जावीत, हे मला सहन होत नाही. ज्वारीत गव्हासारखे ग्लुटेन नसते, त्यामुळे पिठाला चिकटपणा येतो तो मळण्याने आणि गरम पाण्याने. गार पाण्यात भिजवलेले पीठ थापताना कडेला फाटणारच. आधण आलेले पाणी पिठात ओतून थोडा वेळ झाकून ठेवावे, म्हणजे त्यातील स्टार्च फुगून पीठ एकजीव होते. नंतर थापण्याच्या वेळी एकेका गोळ्यापुरतेच पीठ घेऊन ते तळहाताने रगडून मळावे. महिनाभर डब्यात पडलेल्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. अशा वेळी पिठाची उकड काढून भाकरी करता येते, परंतु थोडे थोडे दळण आणणे हाच खरा उपाय आहे. भाकरी तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाणी फिरवतात, तेथेही घाई किंवा उशीर नडतो. पाणी पूर्ण सुकेपर्यंत थांबल्यास भेगा पडतात आणि मग भाकरी फुगत नाही. पृष्ठभाग किंचित ओलसर असतानाच ती उलटावी.

पुण्यात शिकणाऱ्या मुलांना पाठवलेली कडक भाकरी सादळली, अशी तक्रार एका वहिनींनी केली होती. त्यांनी भाकऱ्या कोमट असतानाच डबा बंद केला होता आणि आतली वाफ भाकरीतच मुरली. कडक भाकरी मंद आचेवर पूर्ण वाळवावी, पसरून गार होऊ द्यावी आणि मगच हवाबंद डब्यात भरावी. सादळलेली भाकरी टाकू नये, तव्यावर मंद आचेवर ठेवली की ती पुन्हा कुरकुरीत होते.

सोलापुरी टॉवेल नवा असताना पाणी टिपत नाही, कारण तयार करताना त्याला लावलेली द्रव्ये धाग्यावर असतात. दोन-तीन धुण्यांनंतर ती निघून जातात. कपडे मऊ करणारे द्रव मात्र त्यात कधीही घालू नये, त्याचा थर बसून टॉवेल पुन्हा पाणी नाकारतो. टॉवेलवरचा एखादा फासा ओढला गेला तर तो ओढून काढू नये, कात्रीने कापावा. चादर पहिल्यांदा धुताना वेगळी, गार पाण्यात धुवावी. मिठाच्या पाण्यात भिजवल्याने रंग पक्का होतो हा समज मी अनेकदा खोडून काढला आहे, कारण रंग पक्का व्हायचा तो रंगवतानाच होतो. ओली चादर फार जड होते, ती एकाच दोरीवर न टाकता दोन दोऱ्यांवर पसरून सावलीत वाळवावी.

शेंगाचटणीत मात्र पाणी शिरताच कामा नये. भाजलेले दाणे पूर्ण गार झाल्यावर कुटावेत. मिक्सर वापरायचाच असेल तर तो थांबत थांबत फिरवावा, कारण सलग फिरवल्यास पाती तापतात आणि चटणीऐवजी तेलकट लगदा हाती येतो. बरणीत ओला चमचा घालू नये. खवट वास आला तर चटणी टाकून द्यावी, आणि बुरशी दिसली तर वरचा थर काढून उरलेली खाण्याचा मोह धरू नये, कारण शेंगदाण्यावरील काही बुरशींपासून तयार होणारे अफ्लाटॉक्सिन हे विष यकृताला घातक असते आणि ते दिसणाऱ्या बुरशीपुरतेच मर्यादित असते असे नाही.