'व्हॅल्यू टू लाँग': पण कॉलम कोणता?

नाशिकच्या द्राक्ष बागायतदारांची यादी मायएसक्यूएल या डेटाबेसमधून पोस्टग्रेस या दुसऱ्या डेटाबेसमध्ये नेताना 'व्हॅल्यू टू लाँग', म्हणजे मजकूर कॉलमच्या मर्यादेपेक्षा लांब, ही एरर यायची. मर्यादा २५५ कॅरेक्टर (अक्षरचिन्हं) एवढं कळायचं, कॉलमचं नाव नाही. फार वैताग आला. सगळ्या नोंदी रुबी या प्रोग्रामिंग भाषेत ओढून मोजल्या, तर मेमरी भरली. मायएसक्यूएलचं लेंग्थ फंक्शन बाइट मोजतं: यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत 'नाशिक' १५ बाइट, कॅरेक्टर मात्र ५. त्यामुळे मराठी पत्ते उगाच लांब दिसायचे.

चाललं ते असं. जुन्या डेटाबेसला जोडलेल्या रेल्स कन्सोलमध्ये (रुबीच्या रेल्स फ्रेमवर्कची कमांड खिडकी) कनेक्शनकडून टेबलांची यादी घ्या. प्रत्येकातले स्ट्रिंग आणि टेक्स्ट प्रकारचेच कॉलम ठेवा. मग एकच उत्तर आणणाऱ्या सिलेक्ट-व्हॅल्यूने प्रत्येक कॉलमच्या कॅर-लेंग्थचा (हे फंक्शन बाइट नाही, कॅरेक्टर मोजतं) मॅक्स, म्हणजे सर्वात मोठा आकडा, मागा. मोजणी डेटाबेसच करतो, रुबीकडे फक्त आकडा येतो. रिकाम्या टेबलाला निल (काहीच नाही) मिळतो, म्हणून त्याचं शून्य करणारं टू-आय लावा. आकडे नव्या कॉलमच्या लिमिटशी ताडा. माझ्याकडे पत्त्याचा कॉलम सापडला. त्याचा प्रकार टेक्स्ट (२५५ ची मर्यादा नसलेला) केला आणि यादी पूर्ण गेली.