पोचा आलेली रिम चालवायची की बदलायची?

सायकल खड्ड्यात आपटल्यापासून ब्रेक दाबला की पुढच्या चाकातून ठोका यायचा. अ‍ॅल्युमिनियमच्या रिमच्या कडेला पोचा होता. दुकानदार म्हणाला, "ठोकून सरळ होईल, आउट (चाकाची डुगडुग) काढून देतो." लहान पोचा खरंच असा निघतो. पण आधी भेग नाही ना, हे पाहायलाच हवं. भेग दिसली की दुरुस्ती नाही, रिम बाद. पुढच्या चाकाला तर अजिबात धोका पत्करू नये.

टायर-ट्यूब काढली, रिम पुसली आणि टॉर्च तिरपा धरून प्रत्येक निपलभोवती (स्पोक रिमला धरून ठेवणारा छोटा नट), आतून-बाहेरून, रिमच्या जोडापाशीही पाहिलं. भेग नव्हती. जवळजवळचे स्पोक जोडीने दाबून पाहिले. पोच्यापाशी दोन सैल, बाकी ठीक.

मग ब्रेकचे रबर घासतात त्या पट्टीवर स्टीलची पट्टी उभी टेकवली. मधे चांगलीच फट! रिम घासून खोलगट झाली होती, झिजेची खूण दाखवणारी खाचही पुसलेली. टायरमधल्या हवेचा दाब रिमच्या कडेच्या भिंतीला सतत बाहेर ढकलतो. पातळ झालेली भिंत चालत्या सायकलवर फाटू शकते. पोचा काढून हा धोका जात नाही.

रिम बदलली. माप तेच, भोकंही तेवढीच, त्यामुळे जुनं हब (चाकाचा मधला भाग) चाललं. स्पोक मात्र नवे घातले.