अराक्नीच्या कपाळावरची खूण: पुराणकथेतून स्वतःचं चित्र काढू पाहणाऱ्यांसाठी

पोर्टफोलिओसाठी ‘पुराणकथेतलं पात्र म्हणून स्वतःचं व्यक्तिचित्र’ हा विषय घेतला की बहुतेक जण आधी वेशभूषेच्या मागे लागतात. डोक्यावर पानांचा मुकुट, खांद्यावरून सोडलेलं पांढरं कापड, मागे दोन खांब. चेहरा तेवढा आपला. मग कुणी विचारतं, “बरं, पण मेडुसाच का?” (मेडुसा म्हणजे ग्रीक कथेतली, केसांच्या जागी साप असलेली स्त्री) आणि आपण गप्प. ग्रीक-रोमन कथा आणि आपलं जगणं नेमकं कुठे एकमेकांना भिडतं, ती जागा आधी शोधा. ती सापडली की मूळ कथेतलं काहीतरी बदलायला किंवा गाळायला कचरू नका. तुम्ही दिसता ते तिथेच.

रोमच्या बोर्गेझे संग्रहालयातला इटालियन चित्रकार काराव्हाज्जोचा ‘आजारी बाकस’ बघा. साधारण 1593 सालचं चित्र. बाकस म्हणजे मद्याचा देव, भरल्या अंगाचा आणि तजेलदार असायला हवा. काराव्हाज्जोनं आरशात बघून स्वतःला बाकस केलं, पण कातडी हिरवट-पिवळी आणि ओठ निस्तेज ठेवले. हातात द्राक्षं आहेत आणि खाण्याची वासना मेलेली आहे. वेलींचा मुकुट कुणीही रंगवला असता, आजारपण मात्र त्याचं स्वतःचं.

दुसरं उदाहरण इटालियन चित्रकर्ती आर्तेमिसिया जेंतिलेस्कीच्या स्वतःच्या व्यक्तिचित्राचं, 1638-39 च्या सुमाराचं. हे पुराणातलं पात्र नाही, ‘चित्रकला’ या कलेचं मानवी रूप आहे. ते कसं दाखवावं याचं वर्णन चेझारे रिपाच्या, अशा रूपकांची वर्णनं देणाऱ्या ग्रंथात होतं: विस्कटलेले केस, गळ्यात सोन्याची साखळी, तिला मुखवट्याचं लोलक, आणि तोंडावर बांधलेली पट्टी, कारण चित्रकला मुकी असते. आर्तेमिसियानं केस घेतले, साखळी घेतली, पट्टी गाळली. एवढ्या एका नकारावर ते चित्र उभं आहे असं मला वाटतं.

माझं पात्र अराक्नी. मी इचलकरंजीची, घर यंत्रमागावर चाललेलं, त्यामुळे विणकर मुलीची कथा ओळखीची वाटणं साहजिक होतं. पण तेवढ्यावर चित्र झालं नसतं. लहान मुलांच्या पुस्तकातली अराक्नी गर्विष्ठ असते, देवीशी पैज लावते आणि शिक्षा म्हणून कोळी होते. रोमन कवी ऑव्हिडच्या ‘मेटामॉर्फोसीस’ या काव्याचा सहावा भाग वाचला, तर कथा निराळीच निघते. अराक्नीचा बाप कापड रंगवणारा, घराणं साधं. तिच्या विणकामात त्या देवीला, मिनर्व्हाला, एकही खोट काढता येत नाही. चिडून देवी कापड फाडते आणि हातातल्या धोट्यानं, म्हणजे मागावर आडवा धागा नेणाऱ्या साधनानं, अराक्नीच्या कपाळावर तीन-चार घाव घालते.

इथे मी थांबले. मागावरून धोटा उडून लागणं आमच्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. माझ्या वडिलांच्या भुवईवर तशी खूण आहे. चित्रात ती मी माझ्या कपाळावर घेतली, आणि कोळी, जाळं, देवी, सगळं काढून टाकलं. हातात फक्त धोटा ठेवला, तोही आमच्या शेडमधला, दोन्ही टोकांना पोलादी टोपणं असलेला. खूण मुद्दाम मधोमध सरकवली, त्यामुळे लांबून ती टिकलीसारखी दिसते. तो घोटाळा मला हवाच होता.

म्हणून सल्ला एकच: सारांशावर भागवू नका, मूळ कथा भाषांतरात का होईना, पण पूर्ण वाचा. उपयोगी तपशील सारांशात गळलेला असतो. आपल्याकडची पात्रं का नाही, असंही विचारतील. घ्या की. पण एकलव्याचा अंगठा इतक्या जणांनी काढलाय की त्यात नवं काही बोलायला जास्त ताकद लागते. परक्या कथेत मला जरा मोकळं वाटलं, एवढंच.

आता कामाचं. फोटोवरून काढू नका, निदान पहिली स्केचेस तरी आरशातून करा. फोटोतला चेहरा कॅमेऱ्यासाठी सावरलेला असतो, आरशातला थोड्या वेळानं सावरणं सोडून देतो. आरसा डोळ्यांच्या रेषेत टांगा. काचेवर चेहऱ्याची कड मोजलीत तर ती खऱ्या चेहऱ्याच्या निम्मीच भरते, मागे सरकलात तरी निम्मीच, म्हणून मोजमाप काचेवरून थेट उचलू नका. उजवा हात डावा दिसेल. ते तसंच ठेवायचं की उलटवायचं हे सुरुवातीलाच ठरवा, कारण हातातली वस्तू त्यावर बेततो. उजेड एकाच बाजूनं घ्या. ट्यूबलाइट डोक्यावर असली की कपाळ सपाट होतं, आणि माझं तर सगळं चित्रच कपाळावर होतं.

मी हाफ इम्पिरियल कार्ट्रिज कागदावर चारकोलनं काम केलं, धोट्याच्या टोकांना तेवढा काळा कॉन्टे, म्हणजे चारकोलपेक्षा कडक खडू. वस्तू आणि चेहरा सारख्याच बारकाईनं काढले तर नजर दोन्हीकडे ओढली जाते. मी धोटा जवळजवळ बाह्यरेषेतच ठेवला. एलिमेंटरी-इंटरमिजिएटपासून वस्तुचित्र घोटून घेतलेलं असतं, त्यामुळे वस्तू अर्धवट सोडताना हात आखडतो. सोडा.

मुलाखतीला कथा दोन वाक्यांत सांगता यायला हवी. समोरचे ऑव्हिड विचारत नाहीत, ‘ही खूण कसली?’ असं विचारतात. शीर्षक छोटं ठेवा. मी ‘अराक्नी’ एवढंच लिहिलं. फिक्सेटिव्ह (चारकोल पुसला जाऊ नये म्हणून मारायचा फवारा) लांबून, दोन पातळ हातांत मारा, आणि चित्राचा फोटो त्याआधीच काढून ठेवा, कारण फवारल्यावर चारकोलचे हलके करडे भाग थोडे गडद होतात.