रानातल्या घोड्याकडे बघून तबेल्यातल्या घोड्याची निगा

रानातल्या घोड्याला कोणी नाल ठोकत नाही, त्याचे दात कानशीने घासत नाही, दाणा-चंदी देत नाही, तरी तो जगतो. मग पाळीव घोड्यालाही यातले काही लागत नाही असे ठरवून मोकळे होणारे बरेच असतात आणि त्याचे भोग घोडा भोगतो. ही सगळी कामे रानातही होतातच. तिथे ती जमीन, अंतर, गवत आणि कळप करतात. तबेल्यात आपण त्याच्याकडून यातले जे काढून घेतो, ते काम आपल्या अंगावर येते. म्हणून आधी रानात कोणते काम कशामुळे होते ते समजून घ्यावे, त्यातले जमेल तेवढे घोड्याला परत द्यावे आणि उरलेले आपल्या हाताने करावे.

पोट

सुरुवात इथूनच करावी, कारण सगळ्यात जास्त बिघाड इथे होतो.

मोकळा घोडा दिवसरात्र मिळून साधारण १४ ते १६ तास चरतो. त्याचे जठर शरीराच्या मानाने लहान, ८ ते १५ लिटरचे. त्यात आम्ल सतत पाझरत असते, पोटात काही असो वा नसो. ते आम्ल शमवणारी लाळ मात्र चावतानाच सुटते. घोडा रवंथ करत नाही. चोथा मोठ्या आतड्यात सूक्ष्मजीवांच्या मदतीने आंबतो आणि गाईच्या मानाने लवकर पुढे सरकतो. त्यामुळे हलक्या प्रतीच्या वाळल्या गवतावरही तो निभावून नेतो. कस कमी असला की तो जास्त खातो.

तबेल्यात नेमके उलटे घडते. सकाळ-संध्याकाळ दाण्याची मोठी पाटी आणि मधले तास दावण रिकामी. चार ते सहा तास पोट रिकामे राहिले की जठराला व्रण पडायला वाव मिळतो. दाणा एकदम जास्त झाला तर त्यातला न पचलेला स्टार्च मोठ्या आतड्यात उतरतो, तिथे आम्ल वाढते आणि पोटशूळ किंवा लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आतल्या थराची सूज, मागे लागते.

वैरणीचा हिशोब वजनावर करावा. कोरडा अंश, म्हणजे पाणी वगळून उरणारी वैरण, दिवसाला घोड्याच्या वजनाच्या २ टक्के धरावा. ४०० किलोच्या घोड्याला ८ किलो, म्हणजे वाळले गवत साधारण ९ किलो. लठ्ठ घोड्याचे वजन उतरवतानाही दीड टक्क्याच्या खाली जाऊ नये. ही वैरण चार वेळा विभागून द्यावी आणि सगळ्यात मोठा वाटा रात्रीचा ठेवावा, कारण सर्वात लांब खंड तेव्हाच पडतो. घोडा भराभर संपवत असेल तर ३ ते ४ सेंटिमीटर भोकांच्या जाळीत गवत भरावे. नाल असलेल्या घोड्यासाठी जाळी पेटीत बसवावी. लोंबती राहिली तर नाल अडकून पाय मोडू शकतो. दाणा देणे भागच असेल तर या वजनाच्या घोड्याला एका वेळी दीड-दोन किलोच्या वर नको, आणि तोही वैरण खाऊन झाल्यावर.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात घेतली जात नाही. रानातला घोडा कठीण हंगामात वाळतो आणि नव्या गवतावर भरतो. आपला घोडा वर्षभर गुबगुबीत असतो आणि तसाच साखर भरलेल्या कोवळ्या गवतावर सोडला जातो. लॅमिनायटिसला याहून मोठे आमंत्रण नाही. शरीरस्थितीचा १ ते ९ गुणांचा हेनेके तक्ता वापरावा आणि नवे गवत फुटण्याआधी निरोगी, प्रौढ घोडा ५ गुणांवर आणावा: बरगड्या दिसत नाहीत, पण हलक्या हाताला सहज लागतात. गाभण घोडी, म्हातारे आणि आजारी घोडे यांना मात्र रोडावू देऊ नये.

चाल आणि खूर

ऑस्ट्रेलियातल्या मोकळ्या घोड्यांच्या, म्हणजे ब्रम्बींच्या, गळ्यात जीपीएस पट्टे बांधून मोजणी झाली, तेव्हा दिवसाची सरासरी चाल १६ किलोमीटरच्या आसपास निघाली. कोरड्या मुलखात चारा एकीकडे आणि पाणी दुसरीकडे, म्हणून चालण्यावाचून गत्यंतर नसते. खूर महिन्याला ६ ते १० मिलिमीटर वाढतो आणि खडबडीत जमिनीवर जवळपास तेवढाच झिजतो. तबेल्यात वाढ चालूच राहते, झीज थांबते. टोक लांबते, टाच खाली बसते, कडा बाहेर फाकतात, चिरा पडतात आणि पायाच्या कंडरांवर ताण येतो. म्हणून नाल असो वा नसो, दर ६ ते ८ आठवड्यांनी नालबंदाचा हात खुराला लागलाच पाहिजे.

पण रानातला प्रत्येक खूर नमुनेदार असतो असे मानू नये. त्याच ब्रम्बींच्या खुरांची तपासणी झाली तेव्हा मऊ जमिनीवरचे खूर लांब आणि फाकलेले आढळले, तर कठीण जमिनीवरच्या अनेक खुरांत जुन्या लॅमिनायटिसच्या खुणा सापडल्या. खूर जमीन घडवते, आणि जमीन काही घोड्याचे भले बघून घडवत नाही.

चाल परत देण्याचा सोपा उपाय म्हणजे कुरणाच्या कडेने फिरणारी वाट. बाहेरच्या कुंपणापासून ३ ते ५ मीटर आत दुसरे कुंपण घालायचे, म्हणजे घोडे मधल्या गवतावर उभे न राहता पट्ट्यातून फिरतात. पाणी एका टोकाला, मीठ दुसऱ्या टोकाला आणि वैरण तीन-चार ठिकाणी थोडी थोडी ठेवावी. वैरण आणि पाणी जवळ ठेवले की सगळी मेहनत वाया जाते. घोडा तिथेच उभा राहतो. कोपरे आणि वैरणीच्या जागा रुंद ठेवाव्यात, नाहीतर दबणारा घोडा कोंडीत सापडून लाथा खातो. पाण्याजवळ १० सेंटिमीटर जाडीचा गोल, बारीक खड्यांचा थर दिला तर चिखल होत नाही आणि तळवाही टणक होतो.

दात

घोड्याचे दाढदात वर्षाला २ ते ३ मिलिमीटर बाहेर येत राहतात आणि गवतातल्या सिलिकामुळे आणि मातीमुळे घासले जातात. गवत चावताना जबडा आडवा पूर्ण फिरतो. दाणा चावताना कमी फिरतो. मग वरच्या दाढांना गालाच्या बाजूने आणि खालच्या दाढांना जिभेच्या बाजूने धारदार टोके येतात. तपासणी वर्षातून एकदा, आणि २ ते ५ वर्षांच्या किंवा अठराच्या पुढच्या घोड्याची सहा महिन्यांनी करावी. अर्धवट चावलेले गोळे तोंडातून पडणे, लिदेत लांब काड्या किंवा अख्खा दाणा दिसणे, ही खूण मिळाली की वाट बघू नये. रानात दात संपले की घोडा उपाशी मरतो.

पाणी, मीठ, थंडी

५०० किलोच्या घोड्याला दिवसाला २५ ते ५० लिटर पाणी लागते. उत्तर अमेरिकेच्या वाळवंटात मोकळे घोडे आणि गाढवे खुरांनी वाळू उकरून पाण्यापर्यंत पोहोचतात, पण नामिबियातल्या गरुबचे वाळवंटी घोडेही शेवटी माणसाने बांधलेल्या पाणवठ्यावरच येतात. मीठ दिवसाला २५ ते ३० ग्रॅम, सुटे. नुसता चाटणदगड अनेकदा पुरत नाही.

थंडीची केसाळ कातडी दिवस लहान होऊ लागले की आपोआप येते. ती उभी राहून हवा धरते, म्हणून झूल घालून किंवा वरचेवर साबणाने धुऊन ती निकामी करू नये. मंगोलियातला प्रझेवाल्स्की हा रानटी घोडा हिवाळ्यात शरीराची ऊर्जेची उधळणच कमी करतो. घोड्याला नुसत्या थंडीपेक्षा पाऊस आणि वारा एकत्र आले की जास्त त्रास होतो. वाऱ्याकडे पाठ असलेला, तीन भिंतींचा कोरडा निवारा आणि वाढीव वैरण एवढे बहुतेक निरोगी घोड्यांना पुरते. चोथा आंबताना आतून ऊब मिळते.

सोबत आणि झोप

एक नर, काही घोड्या आणि त्यांची शिंगरे असा छोटा कळप रानात एकत्र राहतो. घोडा उभ्याने डुलकी काढतो, पण गाढ झोपेसाठी त्याला आडवेच व्हावे लागते. कोणीतरी पहाऱ्याला असल्याशिवाय तो निर्धास्त आडवा होत नाही. एकट्या घोड्याच्या पुढच्या पायांच्या खालच्या सांध्यांवर खरचटल्याच्या जखमा दिसल्या, तर तो झोपेच्या भरात गुडघ्यांवर कोसळत असण्याची शक्यता धरावी. निदान दोन घोडे आणि कोरडी, ऐसपैस जागा हवी. खरारा करताना मानेच्या मुळाशी जास्त वेळ द्यावा. घोडे एकमेकांना तिथेच कुरतडतात आणि तिथे खाजवल्याने त्यांच्या हृदयाचे ठोके मंदावतात.

जंत

रानातल्या घोड्यालाही जंत असतात, पण तो लिदेपासून दूर चरतो आणि पुढे निघून जातो. कुंपणात हे जमत नाही, म्हणून आठवड्यातून दोनदा लीद उचलावी. औषधाआधी लिदेतली अंडी मोजून घ्यावीत. सरसकट सगळ्यांना दर दोन महिन्यांनी औषध पाजल्याने औषधाला न जुमानणारे जंत तयार होतात.

रानातले काय घेऊ नये

२००९-१० च्या हिवाळ्यात मंगोलियातल्या गोबी वाळवंटातले निम्म्याहून जास्त प्रझेवाल्स्की घोडे मेले. धनुर्वात, पोटशूळ, अडलेली घोडी, यांवर रानात उपाय नसतो. आपल्याकडे धनुर्वाताची लस आहे, ती चुकवू नये. शिंगरू एका तासात उभे राहिले नाही, दोन तासांत प्याले नाही किंवा घोडीची वार तीन तासांत पडली नाही, तर डॉक्टरांना लगेच बोलवावे. पाळलेला घोडा रानात सोडून देणे हा तर क्रूरपणाच आहे: त्याला पाणवठे माहीत नसतात आणि तिथला कळप त्याला सहज जवळ करत नाही.

बदल एकदम करू नयेत. वैरण १० ते १४ दिवसांत बदलावी. नवा सोबती आधी आठवडाभर कुंपणापलीकडून दाखवावा. नाल काढायचीच असेल तर ती सर्वात शेवटी काढावी, नालबंदाशी बोलून. खुराचे टोक केसांच्या रेषेपासून पूर्ण नवे यायला ९ ते १२ महिने लागतात. तोवर घोडा खड्यांवर आखडत चालला तर त्याला मऊ जमिनीवर ठेवावे.