वायपरखालची नळी कडक झाली की: जुन्या एमजीबीचे मालक, या चुका टाळा

बोरीच्या पुलाकडे उतरताना ब्रेक दाबला आणि शेजारून बायकोचा आवाज आला, ‘अहो, माझ्या पायांवर पाणी पडलं.’ जूनचा शेवटचा आठवडा. सांजांवचा सण होऊन दोनच दिवस झालेले. फोंड्याहून मडगावला निघालो होतो आणि पाऊस असा की समोरचा ट्रक दिसेना. मी म्हटलं, कापडी हूड गळत असेल. ‘वरून नाही हो, पुढून आलं. आणि चांगलं गार आहे.’

त्या ‘गार’ शब्दाकडे मी तेव्हा लक्ष दिलं असतं, तर पुढचे तीन रविवार वाचले असते.

पाणी पायाशी आलं म्हणजे हीटर फुटला, असं ठरवून मी अख्खा हीटर बॉक्स बाहेर काढला. एमजीबीचा हीटर ज्याने काढलाय त्याला यातलं दुःख कळेल. बॉक्स निघाला, तपासला, तर ठणठणीत. गार पाणी कूलंटचं कसं असेल? इंजिन तापलेलं असताना हीटरमधून गळलं असतं तर ते गरम असतं, काचेवर चिकट वाफ धरली असती आणि गोडसर वास आला असता. खरा गुन्हेगार होता हातभर लांबीचा रबरी पाइप. हात लावताच तो वाळलेल्या शेवग्याच्या शेंगेसारखा कडकन मोडला.

ज्यांना ही गाडी माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. एमजीबी ही स्पोर्ट्स कार १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमध्ये ॲबिंग्डनला बनली. पाच लाखांहून जास्त गाड्या निघाल्या, म्हणूनच आजही तिचा बारीकसारीक पार्ट मिळतो. समोरच्या काचेच्या पुढे, बोनेटच्या मागे एक जाळी असते. त्या जाळीखाली पत्र्याची पेटी आहे आणि हीटर-ब्लोअरची हवा तिथून आत येते. हवा येते तिथून पाऊसही येतोच. म्हणून पेटीच्या तळाला एक नळकांडं आणि त्यावर बसवलेली रबरी नळी. ही नळी डॅशबोर्डमागून, कन्सोलच्या आडून, गिअरबॉक्सवरच्या टनेलमधून (दोन सीटांमधला पत्र्याचा उंचवटा) गाडीखाली उतरते. तिचं खालचं टोक उघडं नसतं. ते बदकाच्या चोचीसारखं चपटं असतं, मध्ये नुसती चीर. नळी चोंदली किंवा मोडली की पेटी तळ्यासारखी भरते आणि पहिल्या उतारावर किंवा ब्रेकला ते तळं तुमच्या मांडीवर किंवा पायावर रिकामं होतं.

चूक: पाणी दिसलं तिथेच गळती शोधणं

जुन्या गाडीत पाणी पडतं एकीकडे आणि दिसतं दुसरीकडे. कार्पेटखालचं तागाचं अस्तर पाणी शोषून पुढचं मागे नेतं. त्यामुळे आधी कार्पेट आणि अस्तर पूर्ण उचला. मग बोट लावून बघा. साधं पाणी असेल तर पावसाचं. हिरवट आणि बुळबुळीत असेल तर कूलंट. ड्रायव्हरच्या बाजूला पेडलजवळ रंगाला फोड आले असतील तर तो ब्रेकचा किंवा क्लचचा ऑइल आहे. मास्टर सिलिंडर बघा आणि त्यात चालढकल करू नका. तो पाण्याचा नाही, जिवाचा प्रश्न आहे.

पावसाचंच पाणी असेल तरी ते काचेच्या रबरातून, दाराच्या रबरातून, केबलसाठी असलेल्या ग्रोमेटमधून (भोकात बसवलेलं रबरी कडं), कुठूनही येऊ शकतं. फ्लोअर कोरडं करा आणि आतल्या पत्र्यावर टाल्कम पावडर भुरभुरा. एकाने टॉर्च घेऊन आत बसायचं, दुसऱ्याने झारीने पाणी घालायचं. सुरुवात खालून करायची. आधी दाराच्या कडा, मग काचेची खालची कड, मग जाळी, सर्वांत शेवटी हूड. पावडरीत ओघळ कुठून सुरू झाला ते साफ दिसतं. सगळीकडे एकदम पाइप सोडलात तर गाडी धुऊन निघेल, कळणार काही नाही.

जाळीची परीक्षा वेगळी घ्या. गाडीखाली टनेलच्या रेषेत पसरट भांडं ठेवा आणि जाळीतून लिटरभर पाणी हळूहळू ओता. जवळजवळ लिटरभर खाली आलं तर नळी ठीक आहे. थेंब थेंब आलं तर चोंदलीय. खाली काहीच नाही आणि आत ओलं झालं, तर नळी सुटलीय किंवा मोडलीय.

चूक: चोंदलेली नळी जोर लावून मोकळी करणं

आपल्याकडे गाडी झाडाखाली लागते. सुरूच्या सुया, गुलमोहराची आणि चिंचेची बारीक पानं, आंब्याचा मोहर हे सगळं जाळीतून आरामात आत जातं. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पाहणाऱ्या गोव्यात त्याचा चिखल व्हायला एक आठवडा पुरतो, आणि तो चिखल बरोबर त्या चोचीत येऊन बसतो.

खालून कॉम्प्रेसरची हवा मारली की काम झालं असं वाटतं. ओळखीच्या एका गॅरेजात माझ्यासमोर हे झालं. हवेच्या दाबाने नळी वरच्या नळकांड्यावरून निसटली, पानं ब्लोअरच्या पंख्यात गेली आणि पोऱ्या म्हणाला, ‘पात्राव, मोकळी झाली!’ मोकळी झाली होतीच. तिच्यातून आता काही जातच नव्हतं.

जुना क्लच वायर किंवा सायकलचा स्पोक घालून खुपसू नका. कडक झालेल्या रबराला तो आरपार जातो, भोक आतल्या बाजूला पडतं आणि ते दिसतही नाही. गवत कापायच्या मशिनची नायलॉन दोरी आणा, दोन-अडीच मिलिमीटर जाडीची. तिचं टोक लायटरने गोल करून घ्या आणि वरून हळूहळू फिरवत सोडा. खालून चोच दोन बोटांनी दाबून चोळा. त्याआधी व्हॅक्यूम क्लीनरच्या तोंडाला बारीक नळी लावून पेटीतला कचरा वरूनच ओढून घ्या. जाळी स्क्रू-ड्रायव्हरने उचकटायचा मोह होईल. आजूबाजूच्या रंगाचा टवका उडतो आणि खाऱ्या हवेत तिथून गंज सुरू होतो.

चोच दाबल्यावर रबर परत फुगलं नाही, किंवा दुमडल्यावर बारीक भेगा दिसल्या, तर साफसफाई पुरे. नळी बदला.

चूक: लाल चिऱ्यांवर गाडी चढवणं

हे लिहायची वेळ यायला नको, पण येते. घरामागे चिरे पडलेलेच असतात, जॅक लावायचा आणि खाली दोन चिरे सरकवायचे. चिरा भिंतीत भार घेतो तो सगळीकडून सारखा दाब असतो म्हणून. ॲक्सलचा टोकदार भार एका बिंदूवर आला की तो फुटतो, आणि आधी सांगत नाही. ॲक्सल स्टँड, म्हणजे गाडी तोलून धरणारे लोखंडी स्टँड आणा. नसतील तर शेजाऱ्याकडून मागून आणा.

खाली जाण्याआधी बॅटरी सोडवा. एमजीबीची बॅटरी बोनेटखाली शोधू नका, ती सीटमागच्या फळीखाली असते. आधी अर्थची, म्हणजे बॉडीला जोडलेली, केबल काढायची. पण १९६७ च्या शेवटापर्यंतच्या गाड्यांमध्ये पॉझिटिव्ह अर्थ आहे, म्हणजे काळी केबल बघून सवयीने निगेटिव्ह काढलीत तर उलटं झालं. रंग बघू नका, केबल बॉडीला कुठे बोल्ट केलीय ते बघा.

चूक: जुनी नळी ओढून काढणं

कडक रबर ओढलं की तुटतं, आणि तुटलेला तुकडा नळकांड्यावर नाहीतर टनेलमध्ये राहतो. आधी कन्सोल काढा. मॉडेलच्या सालानुसार तो वेगवेगळा असतो, म्हणून स्क्रू काढताना फोनवर फोटो घेत जा. मग नळकांड्यावर बसलेल्या भागाला ब्लेडने लांबीच्या दिशेने चीर द्या. ब्लेड हलक्या हाताने. पत्र्याला ओरखडा पडला तर त्या जागी पुढच्या वर्षी गंज दिसेल. चीर उघडली की रबर सालीसारखं सुटतं.

काढलेले तुकडे जमिनीवर जोडून ठेवा आणि लांबी पूर्ण भरते का बघा. माझ्याकडे चार बोटं कमी भरली. तो तुकडा टनेलच्या भोकात आडवा बसला होता. तसाच सोडला असता तर नवी नळी त्यावर दुमडून बसली असती.

नळकांड्याच्या आजूबाजूचा पत्राही याच वेळी बघून घ्या. पेटीच्या तळाला वर्षानुवर्षं ओला पाला कुजलेला असतो. गंज वरवरचा असेल तर घासून, रस्ट कन्व्हर्टर आणि प्रायमर लावून पूर्ण वाळू द्या. आरपार भोक असेल तर नळी बदलून काही होणार नाही, पत्र्याचं काम करावं लागेल. त्यावर पुट्टी थापून घेऊ नका.

चूक: हार्डवेअरच्या दुकानातून ‘तसाच’ पाइप आणणं

इथे सगळ्यात जास्त लोक फसतात, मीही फसलो. पहिल्या वेळी म्हापशाच्या बाजारातून पारदर्शक प्लॅस्टिकचा पाइप आणला. दिसायला छान, आतलं पाणी दिसतं म्हणून मला कोण आनंद. टनेलच्या उष्णतेने तो मऊ पडला, वाकणावर दुमडला आणि तसाच थंड होऊन कडक झाला. एसीच्या पाण्याचा खाचांचा पाइप वाकतो मस्त, पण प्रत्येक खाचेत सुरूची सुई अडकते. बागेचा होज जाड असतो आणि त्याला चोच नसते.

आणि चोच हवीच. ‘टोक कापून टाका, पाणी धडाधड जाईल,’ असा सल्ला मिस्त्रीने दिला तर मान डोलवा आणि कापू नका. या पेटीतूनच तुमच्या श्वासाची हवा येते. टोक उघडं राहिलं की ब्लोअर लावल्यावर गाडीखालची गरम हवा आणि धूर त्या नळीतून उलटा वर ओढला जातो. चीर पाण्याच्या वजनाने उघडते आणि एरवी मिटलेली राहते. साठ वर्षांपूर्वीच्या त्या इंजिनिअरचं मला कौतुक वाटतं ते अशा फुकटच्या व्हॉल्व्हसाठी.

म्हणून मूळ नमुन्याची, चोच असलेली नळी ब्रिटिश गाड्यांचे पार्ट विकणाऱ्यांकडून मागवा. मार्च-एप्रिलमध्ये मागवा, जूनमध्ये नाही. ‘त्या काळातली, न वापरलेली, ओरिजिनल पॅकिंग’ अशी कुणी देत असेल तर नम्रपणे नको म्हणा. रबर पाकिटातही म्हातारं होतं. हवेतला ओझोन आणि उष्णता त्याला गाडी चालते की नाही ते विचारत नाही. हातात आलेली नळी दुमडून बघा. लगेच सरळ व्हायला हवी, आणि वाकणावर भेग दिसता कामा नये.

चूक: ऑइल लावून बसवणं, क्लिप आवळणं, सिलिकॉन थापणं

तिन्ही एकाच वृत्तीतून येतात, म्हणून एकत्र. नळी सरकत नाही म्हणून इंजिन ऑइल किंवा ग्रीस लावलं जातं. ईपीडीएम जातीचं रबर त्याने फुगतं आणि पिचतं. साबणाचं पाणी पुरतं. नळी आधी पाच मिनिटं गरम पाण्यात ठेवली तर आणखी सोपं.

इथे पाण्याला दाब नसतो, ते नुसतं वजनाने खाली येतं. त्यामुळे स्क्रूची क्लिप करकचून आवळायचं कारण नाही. पातळ नळकांडं चेपतं किंवा रबर कापलं जातं. घट्ट बसली तर क्लिप नकोच, मन मानत नसेल तर एक झिप टाय हलकाच. आणि सिलिकॉन लावायचंच असेल तर व्हिनेगरसारखा वास येणारं नको. ते वाळताना ॲसिटिक ॲसिड सोडतं आणि उघड्या पत्र्याला गंजवतं.

नळीला वरपासून खालपर्यंत सतत उतार मिळाला पाहिजे. लांबी जास्त झाली की मध्ये झोळ पडतो आणि झोळात पाणी राहतं. आमच्या गल्लीतल्या एकाच्या गाडीत त्या पाण्यात डासांच्या अळ्या निघाल्या. नळी आखूड राहिली तर पाणी टनेलच्या आतच सांडतं. टोक फिरत्या प्रोपेलर शाफ्टपासून लांब ठेवा. एक्झॉस्ट डाव्या बाजूने जातो, त्यालाही टेकू देऊ नका.

‘आमचा हीटर काढलाय, आम्हाला काय त्याचं?’

गोव्यात हीटर कशाला, म्हणून बऱ्याच जणांनी पाण्याचे होज बायपास केलेत, काहींनी बॉक्सच काढून कपाटात ठेवलाय. पण जाळी उघडीच आहे ना? पाऊस पेटीत येतोच. हीटर काढलेल्या गाडीला तर बॉक्सच्या जागी राहिलेलं मोकळं भोक नीट बंद केलंय का, तेही बघायला हवं.

नळी बसली की कन्सोल लावायची घाई करू नका. लिटरभर पाण्याची तीच परीक्षा दोनदा घ्या, एकदा सपाट जागी आणि एकदा गाडीचं तोंड उताराकडे करून. कार्पेट लगेच टाकू नका. जुलैत आपल्याकडे कपडे वाळत नाहीत तिथे तागाचं अस्तर काय वाळणार! ते फेकून द्या, फ्लोअरवर दोन दिवस टेबलफॅन सोडा आणि पाऊस संपेपर्यंत रबरी मॅटवर भागवा. गाडी घरात असेल तर कव्हरही काढून ठेवा, त्याखाली दमटपणा कोंडतो.

दर वर्षी मेच्या शेवटी मी जाळीतून पाणी ओततो, खाली भांडं ठेवतो आणि चोच दाबून बघतो. दहा मिनिटांचं काम. बायकोचा त्यावर विश्वास नाही. पाऊस लागला की ती गाडीत बसताना पायाखाली आदल्या दिवसाचं वर्तमानपत्र पसरते आणि मडगावला उतरताना ते उचलून, उजेडात धरून बघते.